आधी बदली माणूस, मग समुपदेशन

घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा समुपदेशन ठेवावं, असं एका लेखात सुचवलंय. पण २४ तासांच्या ड्युटीवरची मावशी त्या सत्राला येणार कधी? आधी बदली माणूस द्या. दर २ तासांनी पेशंटची कूस बदलायची असते, तिथे सलग झोप लागतच नाही आणि मन त्यानंच आधी खचतं.

मावशींना कामावर पाठवणाऱ्या ब्युरोच्या सुपरवायझरने आठवड्याला १५ मिनिटांचा फोन करावा, तोही ड्युटी संपवून ती घराबाहेर पडल्यावर. पेशंटच्या उशाशी बसून कोण खरं बोलेल? "सगळं ठीक ना?" विचारलं की "हो ताई" एवढंच येतं. "रात्री किती वेळा उठलात? जेवलात किती वाजता, कुठे बसून?" असं विचारा, मग बोलणं सुरू होतं.

सर्वांत मोठी चूक होते ती पेशंट गेल्यावर. वर्षभर जिला भरवलं ती आजी सकाळी जाते आणि संध्याकाळी नवा पत्ता हातात! किमान २ दिवस पगारी सुट्टी द्याच, अंत्यदर्शनालाही जाऊ द्या.

घरातलं कुणी अंगचटीला येत असेल तर "सांभाळून घ्या" म्हणू नका. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हीसुद्धा कामाची जागाच आहे. ब्युरोत १० पेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, ३ महिन्यांच्या आत करायची. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापा. रात्री तीनलाही मराठीत बोलता येतं.