आचारी तोच, वाढपी नवे

आमची जीप १९९१ सालची आहे आणि वाईहून पाचगणीला जाताना ती पसरणी घाटात बुवासाहेबांच्या मंदिरापाशी थांबते. मी थांबवतो असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात ती थांबते आणि मी फक्त हँडब्रेक ओढतो. तिथे पोहोचेपर्यंत रेडिएटरमधील पाणी उकळलेले असते, मागून येणारा दुचाकीस्वार आमच्या धुरात दिसेनासा झालेला असतो आणि आमच्या सौभाग्यवती शांतपणे उतरून दर्शनाला निघालेल्या असतात. मंदिराबाहेर नारळाची एक टपरी आहे आणि तिच्या शेजारी पाण्याने भरलेली बादली नेहमी तयार सापडते. इंजिन निवले की ते पाणी मी रेडिएटरला देतो. ही बुवासाहेबांची कृपा, असे पत्नीचे ठाम मत आहे. टपरीवाले वृद्ध गृहस्थ आम्हाला हात जोडून नमस्कार करतात, कारण गेल्या सहा वर्षांत एकदाही दर्शन न चुकवणारे दांपत्य त्यांना विरळाच भेटत असणार. या भक्तीचा उगम इंजिनाच्या डोक्यात बसून डिझेल फवारणाऱ्या चार नोझलांमध्ये आहे, हे मी त्यांना कधीच सांगितले नव्हते.

ते मला स्वतःलाही कळले ते पीयूसीमुळे, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीमुळे. जीपच्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे होते. पंधरा वर्षे उलटलेल्या खाजगी गाडीला दर पाच वर्षांनी ही परीक्षा द्यावी लागते आणि वर पर्यावरण करही भरावा लागतो. तो कर भरला की पर्यावरणात धूर सोडण्याची रीतसर परवानगी मिळते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. डिझेल गाडीच्या तपासणीत सायलेन्सरमध्ये एक नळी घालतात, एक्सलेटर एकदम तळापर्यंत दाबतात आणि धुरातून उजेड कितपत पार होतो ते यंत्र मोजते. आमच्या जीपच्या पिढीला ६५ हार्ट्रिज (हे धुराच्या दाटपणाचे माप) ही मर्यादा आहे. पहिल्या दाबाला पडद्यावर उमटलेला आकडा पाहून तिथला मुलगा म्हणाला, "काका, मशीन बिघडलंय बहुतेक." दुसऱ्या दाबानंतर त्याने मशीनची मनोमन क्षमा मागितली असावी. तिसऱ्या दाबाच्या आधी त्याने नळी बाहेर काढून घेतली आणि मला अत्यंत अदबीने गॅरेजचा रस्ता दाखवला.

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. त्यातून वाई हे मराठी विश्वकोशाचे गाव, त्यामुळे इथल्या हवेतच परिभाषा आहे. गॅरेजात जाऊन मी मिस्त्रींना म्हणालो, "आमच्या जीपचे इंधन-अंतःक्षेपक बदलायचे आहेत." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि काळजीने विचारले, "सर, घरात कोण आजारी आहे का?" मी शब्दाची फोड करून सांगितली. "म्हणजे नोझल," असे म्हणून त्यांनी पाना पुन्हा उचलला. शास्त्राप्रमाणे नोझल हे त्या उपकरणाचे केवळ टोक असते, परंतु गॅरेजात अख्ख्या उपकरणाला नोझलच म्हणतात, आणि यापुढे मीही तसेच म्हणणार आहे.

माझी महत्त्वाकांक्षा नुसती दुरुस्तीची नव्हती. जीपचे इंजिन मूळ प्यूजो या फ्रेंच कंपनीचे, एक्सडीपी ४.९० या नावाचे. नावातील चार म्हणजे चार सिलिंडर आणि नव्वद म्हणजे प्रत्येकाचा नव्वद मिलिमीटर व्यास, एकूण घनफळ २११२ घनसेंटिमीटर. एवढा ऐवज पोटात असलेल्या इंजिनाने घाटात मान टाकावी, हे मला लाजिरवाणे वाटे. तेव्हा माझा हिशेब सरळ होता: नोझल मोठे, म्हणजे डिझेल जास्त, डिझेल जास्त, म्हणजे जोर जास्त. मिस्त्रींना न विचारता मी एसटीने पुण्याला गेलो आणि नाना पेठेतील स्पेअर पार्टच्या एका दुकानात "जीपचे चांगले मोठे नोझल" मागितले. इंजिन कोणते, असे दुकानदाराने विचारले. "डिझेलचे," असे मी सांगितले. त्यांनी आणखी दोनदा विचारले आणि मीही आणखी दोनदा तेच उत्तर अधिक ठासून दिले, हे इथे नमूद करायला हवे, कारण पुढे जे झाले त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही.

मिस्त्रींनी पुडी उघडली, एक टोक उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "सर, हे डायरेक्टचं आहे. तुमचं इंजिन चेंबरचं." एकाच कंपनीच्या, लांबून सारख्याच दिसणाऱ्या जीपांमध्ये दोन जातींची इंजिने बसलेली आहेत, हे ज्ञान मला त्या दिवशी झाले. डायरेक्ट जातीत नोझलच्या टोकाला चार-पाच बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरील खळग्यात उडते. आमच्या जातीत डिझेल आधी हेडमधील एका छोट्या गोल कप्प्यात शिरते, तिथे गरगरणाऱ्या हवेत पेट घेते आणि मग भडकत खाली येते. तिथले नोझल एकाच तोंडाचे, आणि त्या तोंडातून आतल्या सुईचा बारीक शेंडाही बाहेर डोकावतो. मी चार तोंडांची मंडळी घेऊन आलो होतो.

"पण मोठ्या नोझलने जोर वाढेल ना?" मी चिकाटी सोडली नाही.

मिस्त्री हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. ते म्हणाले, "सर, पंगतीत भात किती, हे कोण ठरवतो? आचारी. वाढपी नुसता वाढतो. आपला डिझेलचा पंप म्हणजे आचारी आणि नोझल म्हणजे वाढपी. वाढप्याला मोठा डाव दिला म्हणून पातेल्यात भात वाढत नाही. तुमचा वाढपी आता पानावर भाताचा ढीग टाकतोय, म्हणून निम्मं जळतंय आणि निम्मं धूर होऊन जातंय. जे उशिरा जळतंय, ते इंजिन तापवतंय."

सदतीस वर्षे वर्गात उभा राहिलो, परंतु इतके सुबोध उदाहरण मला एकदाही सुचले नाही. घरी येऊन मी कागदावर गणित मांडले. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक नोझलला त्या मिनिटात दीड हजार वेळा वाढावे लागते, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा. आणि दर वेळी वाढायचे डिझेल पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी. ठिणगी नाही, स्पार्क प्लगची मदत नाही. दाबाने तापलेल्या हवेत धुक्यासारखे उडेल तेवढेच धडपणे जळणार. हे वाढप सुई करते आणि सुई व तिचे घर यांच्यातली फट काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी असते. दोन्ही एकमेकांसाठी घासून बसवलेली असतात, त्यामुळे एकीची सुई दुसरीच्या घरात चालत नाही. पत्नीने ही माहिती लक्षपूर्वक ऐकली आणि म्हणाली, "सुनेला सांगा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींबरोबर साताऱ्याला पंप-नोझलच्या कामाच्या दुकानात गेलो. तिथे हाताने दाबायचा एक पंप असतो, त्याला नोझल जोडतात आणि दट्ट्या दाबत घड्याळावर दाब पाहतात. आमची जुनी चारही नोझले एकामागून एक परीक्षेला उभी राहिली आणि मला माझा दहावीचा ड वर्ग आठवला. पहिल्याने काही न फवारता नुसते लाळेसारखे थेंब गाळले. दुसऱ्याने सगळे डिझेल एकाच बाजूला पिचकारीसारखे मारले. तिसरे इतक्या कमी दाबाला उघडले, की जणू कोणी विचारायच्या आत सगळे कबूल करून मोकळे झाले. चौथ्याने मात्र अगदी शहाण्यासारखे फवारले. प्रत्येक ड वर्गात असा एक असतो आणि त्याचे नेहमी वाईट वाटते. मी कौतुकाने बोट पुढे केले तेव्हा तिथल्या कारागिराने माझा हात जवळजवळ झटकलाच. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि मग विषय गॅरेजचा राहत नाही, इस्पितळाचा होतो, असे त्याने बजावले.

आमच्या इंजिनाला योग्य अशी नवी नोझले मागवली. मिस्त्री त्यांना "मायको" म्हणतात. मायको म्हणजे बंगळुरूची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, स्थापना १९५१. २००८ मध्ये तिचे नाव बॉश झाले, परंतु ती बातमी मिस्त्रींच्या जिभेपर्यंत अजून पोहोचलेली नाही. स्प्रिंगखाली पातळ चकत्या घालून चारही नोझले सव्वाशे बारच्या आसपास सारखी उघडतील अशी लावली गेली. जीपच्या चाकातल्या हवेच्या हा साठ पट दाब. योग्य नोझल फवारताना "कर्र" असा बारीक आवाज करते. तो आवाज ऐकून मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते मी यापूर्वी फक्त तानपुरा जुळल्यावर गवयाच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

आता फक्त बसवायचे काम राहिले होते, आणि ज्याला कोणी विचारले नव्हते असा मी म्हणालो, "शेवटचे मी बसवतो."

मिस्त्रींनी तीन बसवली, चौथे माझ्या हाती दिले आणि ते चहाला गेले. प्रत्येक नोझलखाली तांब्याचे नवे वॉशर घालायचे असते. मी ते घातले, नोझल बसवले, पान्याने आवळले आणि पाइप जोडला. मग सगळ्या पाइपांचे नट नोझलपाशी जरा ढिले ठेवून सेल्फ मारत बसलो, कारण पाइपांत हवा अडकली असेल तर हे इंजिन हलत नाही. फेस गेला, स्वच्छ डिझेल आले, नट आवळले आणि इंजिन सुरू झाले. सुरू झाले, पण "फुस्स-टक, फुस्स-टक" असे. दम लागलेल्या म्हाताऱ्याने काठी टेकत जिना चढावा, तसे. पांढऱ्या धुराचा लोट गॅरेजभर पसरला आणि शेजारच्या पंक्चरवाल्याने आपला टीव्ही आत नेला.

मिस्त्री परतले. चालू इंजिनावर त्यांनी पहिल्या नोझलच्या पाइपाचा नट ढिला केला, इंजिन अडखळले. आवळला. दुसरा ढिला केला, अडखळले. तिसरा, अडखळले. चौथा ढिला केला तेव्हा इंजिनाने त्याची दखलच घेतली नाही.

"हे कुणी बसवलं?" मिस्त्रींनी विचारले. गॅरेजात आम्ही दोघेच होतो.

चौथे नोझल बाहेर आले. मिस्त्रींनी भोकात बॅटरी मारली, वाकवलेली तार घातली आणि काजळीने माखलेले तांब्याचे एक जुने वॉशर अलगद उचलून माझ्या तळहातावर ठेवले. तेहतीस वर्षांची काजळी बसून ते तळाशी इतके एकजीव झाले होते, की मी त्यालाच भोकाचा तळ समजलो होतो आणि त्यावर नवे वॉशर चढवून नोझल उंचावर बसवले होते. म्हणजे पाटावर पाट मांडून वाढप्याला उभे केले होते, आणि दोन पाटांमधल्या फटीतून इंजिनाचा दम बाहेर पडत होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. बिलात मात्र त्यांनी मजुरी चार नोझलांची न लावता पाचांची लावली. मी ती न बोलता दिली.

पीयूसीचा कागद मिळाला. मुलाने या वेळी नळी शेवटपर्यंत आत ठेवली.

रविवारी पत्नीला घेऊन पाचगणीला निघालो. जोर फारसा वाढलेला नाही, हे मान्य करतो. आचारी तोच आहे. परंतु गाडी न कुरकुरता चढत होती, तापमानाचा काटा जागचा हलत नव्हता आणि आरशात मागचा रस्ता चक्क दिसत होता. मंदिर आले आणि जीप थांबली नाही. ती तशीच पुढे निघाली, तेव्हा पत्नी ओरडली, "अहो, दर्शन!" आयुष्यात पहिल्यांदाच मी तिथे माझ्या इच्छेने ब्रेक दाबला.

टपरीवाले गृहस्थ लगबगीने उठले. नमस्कार करायचेही विसरून त्यांनी आधी बॉनेटकडे, मग रिकाम्या बादलीकडे पाहिले आणि ओशाळून म्हणाले, "माफ करा मास्तर, आज पाणी भरायचं राहिलं. खालच्या वळणावर धूर दिसला की मी बादली भरून ठेवत होतो. आज धूरच दिसला नाही."