खुलासा: चौपाटीवरचं ‘मरुत्सखा’

‘राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी, 1895 मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईत चौपाटीवर पाऱ्यावर चालणारं ‘मरुत्सखा’ नावाचं विमान 1500 फूट उंच उडवलं,’ हा मेसेज परत फिरतोय. तळपदे खरे, त्यांचा ध्यासही खरा. उड्डाणाचा भरवशाचा पुरावा मात्र नाही. मेसेजसोबत चिकटवलेलं ‘वैमानिक शास्त्र’ हे विमानांवरचं संस्कृत पुस्तकसुद्धा भारद्वाज ऋषींच्या काळचं नव्हे. 1974 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी ते तपासलं. मजकूर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आकृत्या बंगळूरच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ड्राफ्ट्समनने काढलेल्या, आणि त्यातलं एकही विमान उडण्याजोगं नाही. (पंख फडफडवणारं ‘शकुन’ एकदा बघाच!)

वेदातलं नाव घेऊन खरोखर उडालेलं विमान हवंय? 1961 चं भारताचं लढाऊ विमान ‘मरुत’ घ्या. डिझाइन जर्मन इंजिनिअर कुर्ट टँक यांचं. उडालं जेट इंजिनांवर, पाऱ्यावर नव्हे.