तहसिलीत काय हशील?

आजीच्या सातबाऱ्यावर वारसनोंद लावायची तर तहसील कचेरीच्या बाकावर बसण्याचा योग काही टळत नाही. "साहेब मीटिंगला गेलेत" हे कानावर पडलं की शेजारचे तंबाखू मळायला घेतात. मी फोनवर अरबी शब्दकोश उघडतो. एकेकाचं व्यसन!

सुरुवात दारावरच्या पाटीपासूनच. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. ह-स-ल म्हणजे हाती लागणं. साचा बदलत जायचं: हाती लागलं ते हासिल, मिळालेलं उत्पन्न ते महसूल, गोळा करण्याची क्रिया ती तहसील. फारसीमार्गे ही मंडळी आपल्या दफ्तरात शिरली. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी यांनी खुर्ची सोडली नाही. उलट आता तलाठ्यालाही 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं. बाकावरच्यांच्या वाट्याला मात्र त्या घरातलं शेंडेफळ आलं, हशील. तेही फक्त प्रश्नापुरतं. "इथं बसून काय हशील?" असं शेजारचे आजोबा मघापासून विचारतच होते.

'वसूल' यांचा सख्खा भाऊ वाटतो, पण नाही. त्याचा धातू व-स-ल, म्हणजे पोचणं. काय आणि कुणापर्यंत, हे बाकावर सगळ्यांना ठाऊक असतं.

जुने कोशकार तहसीलचा अर्थ देतात: टरफलातून गर काढणं, दगडातून सोनं, भुश्श्यातून गहू. अतिशयोक्ती वाटली होती. मग कारकुनाने माझे कागद चाळले. "सातबाऱ्यावर सगुणा आहे, मृत्यूच्या दाखल्यावर सगुणाबाई. दोघी एकच असं प्रतिज्ञापत्र आणा." एवढ्या गठ्ठ्यातून त्याने नेमकी 'बाई' काढली!

हौसलाही याच धातूतला. अरबीत तो पक्ष्याच्या गळ्याखालची दाणे साठवायची पिशवी. फारसीत गेल्यावर त्याचा धीर झाला. आपली हौस वेगळ्या घराण्यातली. तहसिलीत हौसेने येतं कोण?

इब्न मन्झूरच्या 13व्या शतकातल्या 'लिसान अल्-अरब'मध्ये या धातूचा आणखी एक अर्थ सापडला: जनावराने माती खाल्ली आणि ती पोटातच राहिली. हे इथे कुठे बसतं ते कळेना. साहेब आलेच नाहीत. संध्याकाळी कचेरीबाहेरच्या गाड्यावर वडापाव घेतला. चटणीत काहीतरी कचकचलं, पण भूक होती. रात्रभर पोट धरून फेऱ्या मारल्या. तेवढा एक अर्थ मात्र पुरेपूर हासिल झाला.