मागे भिंत आहे

घरात डीएसएलआर असला की माणूस एकदम जवळच्या नात्यात मोजला जातो. एरवी चार वर्षं फोन न करणारी आत्या मुहूर्ताच्या आठ दिवस आधी प्रेमानं सांगते, "तसा फोटोवाला ठरवलाय रे आम्ही. पण तूही तुझा तो मोठा कॅमेरा आण. आपले घरगुती असू देत चार." या 'घरगुती'त सगळं आलं. पैसे नाहीत, स्टेजवर उभं राहायला जागा नाही, लाइट नाहीत, आणि फोटो मात्र रात्री पंगत उठायच्या आत ग्रुपवर हवेत.

मग कपाटातून ती काळी बॅग निघते. आत निकॉनचा डी५६०० नाहीतर कॅननचा ८०डी, पुढे लावलेली १८-५५ लेन्स, आणि खरेदीच्या वेळी 'सोबत घ्या, स्वस्तात पडते' म्हणून आलेली दुसरी लांबलचक लेन्स, जिच्या पुढच्या झाकणावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. फोटो हलतात, अंधारे येतात, आणि घरचं निदान ठरलेलं असतं: कॅमेरा जुना झाला. कॅमेऱ्याला काहीही झालेलं नाही. हे दोन्ही २०१६ सालचे, चोवीस मेगापिक्सेलचे, आणि कार्यालयातल्या लग्नाला आजही पुरून उरतील असे. कमी पडते ती पुढची लेन्स, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण ती फुकट आली असा आपला समज असतो.

लेन्सवरचा 'एफ'चा आकडा उलटा चालतो, ही पहिली अडचण. चष्म्याचा नंबर वाढला की काच जाड. इथे नंबर लहान तितकं प्रकाश आत घेणारं भोक मोठं. १८-५५ लेन्स ५५ला नेली, म्हणजे पूर्ण लांबवली, की भोक जास्तीत जास्त एफ ५.६ एवढंच उघडतं. एफ १.८च्या लेन्समधून त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. दहापट म्हणजे काय ते कार्यालयात कळतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची तीव्रता, १६०० ठेवून जिथे १.८ला शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडलं तरी पुरतं, तिथे ५.६ला पंचविसावा भाग लागतो. पंचविसाव्या भागात करवली दोन पावलं टाकते, तिचा झुमका अर्धी फेरी मारतो आणि फोटोत कानाच्या जागी सोनेरी ढग येतो. लेन्सवर 'व्हीआर' नाहीतर 'आयएस' लिहिलेलं असतं ना, मग हलतं कसं, असं लोक विचारतात. ती सोय आपला हात सावरते. करवलीला सावरायचं काम तिच्याकडे नाही.

पण नवी लेन्स घ्यायला निघालेल्या माणसाला भोकाचं काही पडलेलं नसतं. त्याचा एकच प्रश्न: "किती लांबचं दिसतं?" मग १८-३०० नावाचं मुसळ घरी येतं. एकाच लेन्समध्ये सगळं, बदलायची कटकट नाही. पटण्यासारखं आहे, आणि गडावर किंवा जंगलात दिवसाउजेडी चालूनही जातं. पण ते पूर्ण लांबवलं की भोक ६.३ नाहीतर ५.६ एवढंच राहतं, आणि हात स्थिर धरायचा हिशेब ३०० गुणिले दीड, म्हणजे सेकंदाचा साडेचारशेवा भाग किंवा त्याहून जलद. कार्यालयाच्या उजेडात तो मिळवायला आयएसओ इतका चढतो की नवरीच्या शालूवर रवा सांडल्यासारखा दिसतो. शिवाय मी विचारतो, लग्नात ३००ला बघण्यासारखं आहे काय? मामांच्या कानातले केस.

यातून शहाणा झालेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि ५० एमएमची एफ १.८ घेतो. जाणकार सगळे हीच सुचवतात. कॅननची २०१५ साली आलेली एसटीएम जेमतेम १६० ग्रॅमची, किमतीला माफक आणि चेहऱ्याला अप्रतिम. घरी आल्यावर तो हौसेनं आईला उभी करतो आणि मागे सरकू लागतो. आधी सोफ्याला टाच लागते, मग फ्रिजला पाठ. आईचे पाय अजून चौकटीत आलेले नसतात.

याचं गणित कुणी दुकानात सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. उभ्या माणसाची उंची भागिले सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीची, लांब बाजू, गुणिले लेन्सचे एमएम. निकॉनच्या या वर्गातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आहे. १.७ मीटरचा माणूस, उभा धरलेला कॅमेरा, ५० एमएम, तर अंतर लागतं ३.६ मीटर. तेही डोकं वरच्या कडेला आणि चप्पल खालच्या कडेला चिकटवून. कॅननचा सेन्सर थोडा लहान, २२.३ मिलिमीटर, म्हणून आणखी एक वीत मागे. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये टीव्हीचं कपाट आणि दिवाण वजा जाता साडेतीन मीटर सलग रिकामे राहणं ही श्रीमंती आहे. खांद्याला खांदा लावून दहा जण उभे केले की रुंदी होते पाच मीटर, आणि ५०ला अंतर लागतं साडेदहा मीटरहून जास्त. म्हणजे आपलं दार उघडं ठेवून, पॅसेज ओलांडून, समोरच्यांच्या हॉलमध्ये त्यांच्या शोकेसला टेकून उभं राहायचं. चांगल्या शेजाऱ्यांकडे हे करताही येतं, पण फोटोत मग दोन्ही दारांच्या नावपाट्या येतात.

म्हणून माझं सरळ मत: या कॅमेऱ्यांवर घरासाठी आणि लग्नासाठी एकच लेन्स घ्यायची असेल तर निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ १.८ डीएक्स घ्यावी. २००९ सालापासून आहे, वजन २०० ग्रॅम, अंतर अडीच मीटर. फ्रिजच्या अलीकडेच काम होतं. कॅननवाल्यांसाठी २४ एमएम एफ २.८ एसटीएम. भाकरीसारखी चपटी, १२५ ग्रॅम, अंतर दोन मीटरच्या आत. तिचं भोक थोडं लहान, ही तक्रार खरी आहे. पण चौकटीत मावलेला किंचित अंधारा माणूस हा न मावलेल्या उजळ माणसापेक्षा बरा. जुनी १८-५५ फेकू नका. दहा जणांच्या ग्रुपला तीच लागते, १८ला चार मीटरच्या आसपास पुरतात. एवढंच, की १८ला कडेची माणसं ताणली जातात. म्हणून कडेला सडपातळ मावसभाऊ आणि मध्ये वजनदार काका. काकांना हा मानपान वाटतो. वाटू द्यावा.

नवं घेणं परवडत नसेल तर जुनी घ्या. मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे, गेलेल्या मंडळींनी चांगल्या चांगल्या लेन्स बाजारात आणून ठेवल्या आहेत. फक्त तीन ठिकाणी फसगत होते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या निकॉनच्या पोटात फोकसची मोटर नाही. ५० एमएम एफ १.८ 'डी' स्वस्तात मिळाली म्हणून आनंदानं आणली, तर ती बसते नीट, फोटोही काढते, पण फोकस हातानं फिरवावा लागतो. 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' अशी अक्षरं बघूनच घ्यावी. एएफ-पी जुन्या कॅमेऱ्यावर फोकस न करता हटून बसते, हे आणखी वेगळं. कॅननच्या कॅमेऱ्यावर लाल ठिपका आणि पांढरा चौकोन दोन्ही असतील तर ईएफ आणि ईएफ-एस या दोन्ही जातींच्या लेन्स चालतात. नवी आरएफ लेन्स मात्र डीएसएलआरला काही केल्या बसत नाही, कितीही प्रेमानं दाबली तरी.

तिसरी फसगत बुरशीची. लेन्स दुकानात पुढून बघायची नसते. दोन्ही झाकणं काढायची, मागून मोबाइलचा टॉर्च मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. धुळीचे दोन-चार कण दिसले तर सोडून द्या, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर लेन्स खाली ठेवा आणि चहाला निघा. ती बुरशी काचेवरचा लेप खाते. साफ केली तरी कधीकधी तिची नक्षी कायमची उमटलेली राहते. कोकणात आणि मुंबईत दोन पावसाळे ही लेन्स कपाटात वरच्या कप्प्यात, शालींच्या शेजारी, त्याच काळ्या बॅगेत झोपवली की पीक हमखास येतं. लेन्स हवाबंद डब्यात ठेवावी, सोबत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये असला की झालं. काहीजण लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवतात. तांदळाची पिठी लेन्सच्या रिंगमध्ये जाते आणि झूम फिरवताना जातं ओढल्यासारखा आवाज येतो.

आता कार्यालय. चकती 'ए' किंवा 'एव्ही'वर, म्हणजे भोक आपण ठरवायचं आणि बाकीचं कॅमेऱ्यानं. भोक २.८. ऑटो आयएसओ चालू, कमाल मर्यादा ६४००, आणि शटर कमीत कमी अडीचशेवा भाग अशी ताकीद. दाण्यांना घाबरू नका. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला फोटो फक्त समजावून सांगता येतो. भोक १.८वर उघडंच का ठेवायचं नाही? कारण ५० एमएमनं दोन मीटरवरून १.८ला जेमतेम अकरा सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. नवरानवरी एका रेषेत उभी नसतात. नवऱ्याचं नाक कोरल्यासारखं येतं आणि नवरी धुक्यात जाते. ही गोष्ट सासरी वेगळ्या अर्थानं घेतली जाते. जोडीला एफ ४ ठेवा.

खरी परीक्षा अंतरपाटाशी. गुरुजी शेवटचं मंगलाष्टक ओढत असतात, सगळ्यांच्या मुठी भरलेल्या, आणि कॅमेरा समोरच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर, त्यावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकावर, अचूक फोकस करून बसलेला असतो. त्याचं काही चुकलेलं नाही. त्याला जवळचं, ठळक काहीतरी हवं असतं आणि ते स्वस्तिक आहे. 'सावधान' होतं, अंतरपाट खाली जातो, चेहरे फोकसच्या मागे, आणि लेन्स घूं घूं करत पुढेमागे शोधत फिरते. तोपर्यंत हार घालून झालेले असतात. यावर उपाय जुना आहे. अंतरपाटाच्या रेषेत, म्हणजे बाजूला उभं राहायचं. तिथून दोन्ही चेहरे कापडाच्या दोन बाजूंना दिसतात. फोकसचा एकच बिंदू निवडायचा आणि फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला द्यायचं. ८०डीला त्यासाठी 'एएफ-ऑन' बटण आहे, डी५६००ला मेनूत जाऊन 'एई-एल' बटणाला तो हुद्दा द्यावा लागतो. अंगठ्यानं एकदा नवरीच्या डोळ्यावर फोकस धरला आणि अंगठा उचलला की मध्ये कापड येवो नाहीतर करवली येवो, फोकस हलत नाही. मग शटर पाचशेव्या भागावर. साठाव्याला अक्षता म्हणजे पांढऱ्या रेघांचा पाऊस दिसतो. पाचशेव्याला एकेक दाणा हवेत थांबतो, आणि एक हमखास नवऱ्याच्या उघड्या तोंडात जाताना सापडतो. पाचशेव्यावर कार्यालयातले एलईडी दगा देतात. आपली वीज पन्नास हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा फडफडतात, त्यामुळे एक फोटो पिवळा, पुढचा निळसर येतो. ८०डीत ही फडफड चुकवणारी 'अँटी-फ्लिकर' सोय आहे, ते घरूनच चालू करून निघावं.

गुरुजींचं पांढरं उपरणं चौकटीत भरलं की कॅमेरा बिचकतो आणि सगळं करडं करून टाकतो. अधिक-उणेच्या बटणानं अधिक एकच्या आसपास जा. काळ्या सुटातल्या पाहुण्यांना उणे. हळदीच्या दिवशी रॉमध्येच, म्हणजे रंग नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्येच, काढा, कारण रंग आपोआप ठरवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला अंगभर हळद ही चूक वाटते आणि तो ती दुरुस्त करायला जातो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर उघडणारा फ्लॅश वापरणार असाल तर लेन्सचा हूड आधी काढा, नाहीतर प्रत्येक फोटोत खाली काळी अर्धगोल सावली येते आणि सगळे विचारतात हे कुणाचं डोकं. बाहेरचा फ्लॅश छताकडे वळवून मारणं उत्तम. मांडवाचं कापड लाल असेल तर मात्र वऱ्हाड टोमॅटोच्या रंगाचं येतं.

दोन गोष्टी तिथे पोचायच्या आधी तपासाव्यात. नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या काचेच्या, बाजूला एक बारीक चाक असतं. ते आपल्या डोळ्याच्या नंबरासाठी. गेल्या वेळी 'बघू जरा' म्हणून आजोबांनी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा ते त्यांच्या नंबरावर गेलं, आणि तेव्हापासून घरात सगळ्यांना वाटतं की कॅमेऱ्याचा फोकस बिघडला. आतले आकडे नीट वाचता येईपर्यंत फिरवा. दुसरं, मेनूत 'कार्ड नसताना शटर चालू द्या' अशी एक सोय असते. ती बंद करा. ती चालू असताना कार्ड लॅपटॉपमध्ये राहिलं, तरी कॅमेरा दिवसभर खट् खट् करत राहतो, आणि प्रत्येक खट् ऐकून नवरी हसते.

शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो, आणि आत्या म्हणते, "तूही ये रे." दहा सेकंदांचा टायमर. इथे बहुतेकजण कॅमेऱ्यासमोर येऊन बटण दाबतात, आणि कॅमेरा त्यांच्याच शर्टाच्या बटणावर फोकस करतो. मागून दाबायचं, त्याआधी काकांवर फोकस करून लेन्सवरचा खटका 'एम'वर टाकायचा. खटका नसेल तर मेनूत जाऊन टाकायचा. एवढं करूनही फोटो अंधारा आला, तर आपला डोळा नेत्रिकेवर नव्हता आणि मागच्या खिडकीचा उजेड तिथून आत शिरला. त्यासाठी झाकण लागतं. ८०डीसोबत येणाऱ्या पट्ट्यावर जो काळा रबरी तुकडा अडकवलेला असतो, ज्याला सगळे इतकी वर्षं गळ्यात घेऊन फिरले, तेच ते झाकण.