उशिरा उठलेला हात

नागपूरच्या सॉफ्टबॉल-बेसबॉलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या 2012 च्या अटलांटा विरुद्ध सेंट लुईस सामन्याची क्लिप, खाली मजकूर : 'चेंडू आउटफिल्डमध्ये पडला, झेल कुणीच घेतला नाही, अंपायरनं हात उचलला तोही शेवटच्या क्षणी, तरी बॅटर आउट! याच मनमानीमुळे अटलांटा हरली.' मी इथं शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभा राहतो. हे वाचून गप्प बसवलं नाही.

तो आउट 'इनफिल्ड फ्लाय' या नियमानं दिला होता. चेंडू बेसजवळच्या इनफिल्डमध्ये पडला की मागच्या मोकळ्या आउटफिल्डमध्ये, हे हा नियम विचारतच नाही. दोनपेक्षा कमी आउट असावेत, पहिल्या-दुसऱ्या किंवा तिन्ही बेसवर रनर असावेत, आणि उंच उडालेला फेअर, म्हणजे हद्दीच्या आतला, चेंडू इनफिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) साधारण प्रयत्नात झेलता यावा; मग बॅटर आउट. गवताची कड किंवा बेसलाइन ही मर्यादा नाही, असं नियमाच्या खुलाशातच लिहिलंय.

झेल सुटला तरी आउट का? रेशीमबागच्या मैदानावर पहिल्या बेसवरचा पोरगा मला भर खेळात ओरडून विचारतो, "सर, पळू का थांबू?" पळाला आणि झेल झाला तर तो अडकतो. थांबला आणि फिल्डरनं चेंडू मुद्दाम पाडला तर दुसऱ्या बेसवर फोर्स आउट (पुढे पळणं भाग असलेला रनर पोचण्याआधीच आउट), वर डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोन आउट. बॅटरला आधीच आउट दिलं की फोर्स उरत नाही आणि या पोराला बेस सोडावा लागत नाही. नियम त्याच्यासाठीच आहे.

खरा वाद वेळेचा. नियम 'ताबडतोब' म्हणतो, हे खरं. पण चेंडू बॅटवरून उडाल्या उडाल्या काहीच ठरवता येत नाही. मी चेंडूपेक्षा शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या, पायांकडे बघतो. मागे सरकणाऱ्या टाचा थांबल्या, तोंड वर, ग्लोव्ह छातीपाशी आला, की माझा हात वर. जूनमध्ये वावटळ असेल तर आणखी थांबतो, कारण साधारण प्रयत्न ठरवताना हवा आणि मैदानही धरायचं असतं. शिवाय चौदा वर्षांच्या पोराचा साधारण प्रयत्न मेजर लीगच्या खेळाडूइतका नसतो.

2012 च्या त्या सामन्यात लेफ्ट फिल्डचे (आउटफिल्डच्या डाव्या बाजूचे) अंपायर सॅम होलब्रुक यांनी हात उचलला तेव्हा सेंट लुईसचा शॉर्टस्टॉप पीट कोझमा चेंडूखाली पोचत होता. नंतर तो बाजूला झाला. कॉल नियमात बसतो, असं माझं मत. मात्र इतक्या लांब डबल प्लेचा धोका जवळपास नव्हता, म्हणून प्रेक्षकांचा राग मला समजतो. अटलांटानं प्रोटेस्ट केला, म्हणजे अधिकृत हरकत घेतली, तो त्याच रात्री फेटाळला गेला. असा निर्णय अंपायरच्या अंदाजावरच चालतो.

हरण्याचं म्हणाल तर आठव्या इनिंगमध्ये तो चेंडू उडाला तेव्हाच सेंट लुईस 6-3 नं पुढे होतं आणि तोच स्कोअर शेवटपर्यंत राहिला. अटलांटाच्या तीन एरर (फिल्डिंगच्या चुका) आधीच झाल्या होत्या. कॉलनंतरही चेंडू जिवंत, म्हणजे खेळ चालू होता, दोन्ही रनर एकेक बेस पुढे गेले, पुढे तिन्ही बेस भरले आणि मग बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकनं आउट, झाला. फिरणारी क्लिप याच्या आधीच कापलीय.