मामा, त्या नारंगी वायरीला हात लावू नका

रविवारी सकाळी इंदिरानगरला मामांकडे गेलो, तर मामा पार्किंगमध्ये. इलेक्ट्रिक गाडीचं बोनेट उघडं, एका हातात पाना, दुसऱ्या हातात मोबाईल. मामा अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते; 'घरच्या घरी करा' असं कुणी लिहिलं की त्यांना राहवत नाही. मी गेटपासूनच ओरडलो.

कारण होतं हे फॉरवर्ड: 'इलेक्ट्रिक गाडीत वास येतो? सावधान! बॅटरीतला विषारी गॅस एसीतून आत येतो. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे लिथियम कुजलं. कॅन्सर होतो. उपाय: बोनेटमधल्या नारंगी केबलचा सॉकेट काढून दहा मिनिटं ठेवा, गॅस निघून जाईल. गाडीत डांबर गोळ्या ठेवा.'

आधी तो सॉकेट, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

नारंगी रंग शोभेचा नाही. इलेक्ट्रिक मोटारींच्या सुरक्षेसाठी आपल्याकडे एआयएस-०३८ हे मानक आहे. बॅटरी वगैरेंच्या बंद पेटीबाहेरून जाणाऱ्या हाय व्होल्टेज केबलचं आवरण नारंगीच हवं, असं त्यात स्पष्ट आहे. हाय व्होल्टेज म्हणजे ६० व्होल्ट डीसीच्या वर. आपल्याकडच्या बऱ्याच मोटारींत ते ३०० ते ४०० व्होल्टच्या घरात असतं. गाडी बंद केली तरी इन्व्हर्टरमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, थोडा वेळ भरलेलेच राहतात. म्हणून प्रशिक्षित मेकॅनिकसुद्धा आधी पुरवठा तोडतो, ठरलेली मिनिटं थांबतो, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालतो, मीटरवर खात्री करतो आणि मग हात लावतो. मामांनी मामींचे भांडी घासायचे हातमोजे घातले होते! कनेक्टर निघाला की वीज तुटावी अशी इंटरलॉकची सोय असते, हे मलाही माहीत आहे. पण तिच्या भरवशावर कुणी पाना चालवत नाही. आणि मुळात ती तांब्याची तार आहे हो, गॅसचा पाईप नाही. सॉकेट काढून निघणार काय?

'लिथियम कुजलं'. कुजायला ती काय मेथीची जुडी आहे? सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि त्याला गंधक लागतं. गाडी ओढणाऱ्या मोठ्या लिथियम-आयन बॅटरीत गंधकाचं आम्ल नसतं. आता नाइलाजाने एक कबूल करतो: दिवे, लॉक, स्क्रीन यांच्यासाठी इलेक्ट्रिक गाडीत १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते, आणि ती बरेचदा जुन्याच शिसं-आम्लाची असते. ती ओव्हरचार्ज झाली की असा वास येऊ शकतो. गाडी मोकळ्या हवेत लावा आणि सर्व्हिसवाल्याला बोलवा.

मोठी बॅटरी सीटखाली, गाडीच्या तळाशी सीलबंद पेटीत असते. बहुतेक गाड्यांत तिला थंड करणारं कूलंट बंद नळ्यांतून फिरतं. एसीची हवा तिच्यावरून फिरून तुमच्या तोंडावर येत नाही. सेल खरोखर बिघडले तर थिनर किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर उग्र वास येऊ शकतो, सोबत धूर नाहीतर फुस्स आवाज. बॅटरीतली आग पसरणार असेल तर आतल्यांना धोका पोचायच्या किमान ५ मिनिटं आधी गाडीने इशारा द्यावा, असंही ते मानक सांगतं. तो दिसला की उतरा आणि लांब जा, बोनेट उघडत बसू नका. चार्जिंग करताना जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर चार्जिंग थांबवा, भिंतीतला सॉकेट सैल झाला असेल. कामाची ही गोष्ट तेवढी फॉरवर्डमध्ये नाही.

कॅन्सरचं म्हणाल तर उन्हात तापलेल्या गाडीत प्लॅस्टिक आणि गोंदाच्या वाफा निघतात, हे खरं. दोन मिनिटं काचा खाली करा. पेट्रोल गाडीतही तेच होतं, आणि हाच मेसेज पेट्रोल गाड्यांच्या नावाने कित्येक वर्षं फिरलाय.

मग मामांच्या गाडीत काय होतं? वास कुबट, ओल्या पायपुसण्यासारखा, एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं. आदल्या आठवड्यात भर पावसात इगतपुरीला जाऊन आले होते. मी डावीकडची मॅट उचलून कार्पेट दाबलं, बोटं ओली झाली. एसीच्या कूलिंग कॉइलवर साचणारं पाणी बाहेर सोडणारी नळी चोंदली होती. ओळखीच्या एसीवाल्याने तीत हवा मारली, तेव्हा काळ्या गाळाचा बोळा आणि पाठोपाठ पेलाभर पाणी पडलं. ग्लव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढला तर त्यात कडुनिंबाच्या काड्या. गाडी वर्षभर त्याच झाडाखाली असते. फिल्टर नवा, कॉइलवर फोम क्लीनर, कार्पेटसमोर दोन दिवस टेबल फॅन. आता घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवायचा, म्हणजे कॉइल सुकते, एवढं मामांना पटवलंय.

आणि मामींचं डोकं? गेले चार दिवस, गाडीत बसलं की दुखायचं, मळमळायचं. मामा म्हणायचे, बघ, बॅटरीचा गॅस! बंद गाडीत डांबर गोळ्यांच्या वाफेने डोकं दुखतं, मळमळतं. आणि त्या गोळ्या टाकल्या कधी, तर चारच दिवसांपूर्वी. बारा टाकल्या होत्या, अकरा सापडल्या. बारावी सीटच्या रुळात कुठेतरी आहे, आणि गाडीत आता वास येतो तो तिचाच.