तलवारी ठेवा, तमाशा नको म्हणे

आठवडाभर आमच्या कराडच्या शाळेच्या ग्रुपवर धुरळा उडतोय. वर्गातल्या चौघांना एक फिरतं प्रदर्शन उभं करायचंय: टूरिंग टॉकीजची पोस्टरं, फडांची हँडबिलं, प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेटची कव्हरं, जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं. टेम्पोत घालून जत्राजत्रांतून फिरवायचं. त्यावर एकाने लिहिलं, "संग्रहालयात तलवारी ठेवतात, तमाशा नाही." बावीस अंगठे पडले. इथं माझा चहा गार झाला.

मी डेट्रॉइटला राहतो. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक साधं दुमजली घर आहे. बेरी गॉर्डीने 1959 साली घरच्यांकडून 800 डॉलर कर्जाऊ घेऊन मोटाउन ही गाण्यांच्या रेकॉर्डची कंपनी काढली, त्याच वर्षी हे घर घेतलं आणि तिथूनच मोटाउनची गाणी जगभर गेली. 1985 साली त्याच्या बहिणीने, एस्थरने, या घराचं संग्रहालय केलं. चॉकलेटचं मशीनसुद्धा जपलंय. गायक स्टीव्ही वंडरला दिसत नसे, म्हणून त्याचं आवडतं चॉकलेट, बेबी रूथ, कायम ठरल्या खणात ठेवत. टायगर्सच्या, म्हणजे इथल्या बेसबॉल संघाच्या, टोप्या घातलेले आजोबा त्या मशीनपुढे डोळे पुसतात. त्यांना कुणी विचारत नाही, यात संस्कृती कुठाय म्हणून.

हे ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "ते बहिणीने काढलं. इथं वर्गणी मागतायत. आणि तुझं काय जातंय तिकडं बसून?"

पुण्याला दिनकर केळकरांनी दिवे नि अडकित्ते जमवले, ते बघायला आपणच पाहुण्यांना घेऊन जातो ना? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस 2015 पासून शाळांच्या पटांगणात जाऊन उभी राहते. म्हणजे फिरतं संग्रहालय आपल्याला नवं नाही. आक्षेप चाकांना नाही, आत काय ठेवायचं त्याला आहे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातचं पदक चालतं, त्यांचं पोस्टर भिंतीवर चालत नाही! (अस्सल पोस्टर धुळीत, उन्हात फिरवू नका, उत्तम प्रती काढा, हा फुकटचा सल्लाही मी देऊन टाकला. कुणी विचारला नव्हता.)

मग वर्गातली एक, जी कधीच काही लिहीत नाही, तिने लिहिलं: "माझी आजी फडात होती. तिच्या पायातल्या चाळांखालची पाटी तुमच्यातलं कोण लिहिणार?"

ग्रुप गप्प. मीही. मोटाउनचं उदाहरण इथं कामाचं नव्हतं. तिथली पाटी घरच्याच बाईने लिहिली होती.

आमच्या घरात पालच्या यात्रेला जायचं ते खंडोबाचा भंडारा उधळायला. तमाशाच्या तंबूकडे बघायचंसुद्धा नाही. वगाची एक कॅसेट मी स्टँडसमोर चोरून घेतली होती. अमेरिकेला आलो तेव्हा ती स्वेटरात गुंडाळून आणली. पहिल्या हिवाळ्यात आय-94 महामार्गावर, बर्फासाठी टाकलेल्या मिठाने पांढऱ्या पडलेल्या रस्त्यावर, सोंगाड्याच्या बोलण्यावर एकटाच हसायचो. पण महाराष्ट्र मंडळातलं एक कुटुंब पहिल्यांदा गाडीत बसणार होतं, तेव्हा मी ती काढून सीटखाली सरकवली आणि भीमसेन जोशी लावले.

काल त्या चौघांनी विचारलं, कुणाकडे काही असेल तर पाठवा. कॅसेट तळघरात फर्नेसशेजारच्या खोक्यात सापडली. पाकीट तयार आहे. कस्टमच्या फॉर्मवर एक रकाना आहे, वस्तूची किंमत. आधी शून्य लिहिलं, मग खोडलं. पेन अजून तिथंच पडलंय.